मामांच्या डाव्या बाजूला

४ फेब्रुवारी

आज तालमीत मामांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. चुकून राहिलं असेल. तरी लिहून ठेवते, कारण लिहिलं की भीती कमी होते असा माझा जुना गैरसमज आहे.

या घरात बघणं ही साधी गोष्ट नाही. घर म्हणजे मोज्यांचा बंद पडलेला कारखाना. खाली स्वयंपाकघर आणि चित्रकारांच्या खोल्या, वर आमचा जॅझवाल्यांचा हॉल. जमिनीच्या फळ्यांतून अजून विणायच्या सुया निघतात, त्यामुळे अनवाणी फिरायची सोय नाही. मामा पियानोवर. मी त्यांच्या डाव्या अंगाला बेस घेऊन उभी, म्हणजे त्यांचा डावा हात मला दिसावा. माझा बेस, म्हणजे उभं ठेवून वाजवायचं अवाढव्य व्हायोलिनच, माझ्यापेक्षा उंच आहे. तो मला वाजवतो असं सगळे म्हणतात. उजवीकडे ड्रमवर भूकंप, म्हणजे आमचा ड्रमवाला, त्याला सगळे याच नावाने हाक मारतात, आणि त्याच्या पुढे गायिका. ती मामांची सख्खी भाची, म्हणून सगळं घरच त्यांना मामा म्हणतं. गाणं मध्येच कोणी हातात घ्यायचं, किती वेळ खेळायचं, हे आधी ठरत नाही. मामा मान वळवून ज्याच्याकडे बघतील त्याने वाजवायचं; ती त्याची जागा.

आणि ज्याच्याकडे बघणं थांबलं त्याने गाशा गुंडाळायचा. माझ्या खोलीतल्या चित्रकार मैत्रिणीने हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "इथे कुणाला 'जा' म्हणत नाहीत गं. तुझ्याआधीच्या बेसवाल्याकडे मामांनी बघणं सोडलं. त्याचं तो समजला आणि गेला. चहालासुद्धा थांबला नाही." तेव्हा मी हसले होते.

६ फेब्रुवारी

आजही नाही.

दुसऱ्या गाण्यानंतर मामा म्हणाले, "बेस फार लांबून येतोय." म्हणाले ते भूकंपाला. मी हातभर अंतरावर उभी. भूकंपाचं नाव भूकंप असलं तरी बोलतो तो मुंगीच्या आवाजात. तो माझ्याकडे बघून अपराधी चेहऱ्याने पुटपुटला, "जरा जोरात ओढ." मी इतक्या जोरात तारा ओढल्या की बोटाला फोड आला. मामा शेवटपर्यंत गायिकेकडे आणि भूकंपाकडे बघून हसत होते. गायिकेला दोनदा जागा दिली, भूकंपाला तर देतच सुटले.

माझं कुठे चुकतंय? ताल धरून आहे. सूर नीट आहे. तीन महिन्यांपूर्वी हाच माणूस मला म्हणाला होता की तू आलीस आणि माझ्या पायाखाली जमीन आली. आता ती जमीन त्यांना बोचायला लागली असणार.

९ फेब्रुवारी

आज स्वयंपाकाची पाळी माझी होती. उकडलेले बटाटे, अंडी आणि पाव. दुसरं मला येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

जेवायलाही मी मामांच्या डावीकडेच बसते. मामांनी अर्धं ताट खाल्लं आणि हात पुसले. अर्धं म्हणजे अगदी मधोमध रेघ मारल्यासारखं. उजवीकडचा बटाटा खाल्ला, माझ्या बाजूचा तसाच. माझ्या हातचं नको असेल तर मुळीच खाऊ नये माणसाने, असं अर्धं टाकून काय सांगायचं असतं? गायिका भांडी आवरायला आली. तिने ताट उचलता उचलता फिरवलं आणि पुन्हा त्यांच्यापुढे ठेवलं. "अरे, अजून आहे होय!" म्हणत मामांनी उरलेलं सगळं मिटक्या मारत खाल्लं. भाचीच्या हातचं चालतं. तेच बटाटे!

हसू आलं आणि मग एकदम रडूच फुटलं. कोठीत जाऊन रडले.

१० फेब्रुवारी

ताईचा फोन. मोठी बहीण असल्यामुळे तिला 'कशी आहेस' विचारायची गरज पडत नाही, माझ्या 'हॅलो'तच तिला कळतं.

"काय झालं?"

"मला काढणार बहुतेक."

"कोण म्हणालं?"

"कुणी म्हणालं नाही. ते बघत नाहीत माझ्याकडे."

"बघत नाहीत म्हणजे? तू काय नवरी आहेस का? सरळ विचार त्यांना."

"इथे विचारत नाहीत, ताई."

"मग काय करतात? मनातल्या मनात कुढतात? संगीत शाळेतली चांगली नोकरी सोडून त्या कारखान्यात राहायला गेलीस, आणि तोंड उघडायची चोरी!"

तिचं बरोबर आहे, म्हणूनच तिचा राग येतो. शाळेत माझी जागा भरली गेली. ताईच्या घरी दोन खोल्यांत पाच माणसं. बेस उभा करायलासुद्धा तिथे कोपरा नाही. इथून निघाले तर मला जायला ठिकाण नाही, हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते माहीत आहे.

१३ फेब्रुवारी

या घराचा दुसरा नियम आज माझ्या जिवावर उठला. चूक म्हणायची नाही, थांबायचं नाही. एकाने चुकीचा सूर लावला की बाकीच्यांनी तोच उचलायचा, फिरवायचा, दोनदा वाजवायचा; मग ती चूक राहत नाही, चाल होते. मला या घरातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच. आयुष्यभर शाळेत मुलांच्या चुकांखाली लाल रेघा मारत होते, इथे चुकीला पाहुण्यासारखं आत घेतात.

आज मामांचा डावा हात मध्येच बंद पडला. खालचे सगळे सूर गेले, नुसता उजवा हात वर तरंगत राहिला. भूकंपाने लगेच पायाचा मोठा ड्रम वाढवला. गायिकेने ओळ खाली आणली. कळलं मला. खालची बाजू मुद्दाम मोकळी सोडून ते बघतायत, ही पोरगी एकटी पेलते का. परीक्षाच घ्यायची तर सांगून घ्यावी! मी वेड्यासारखी वाजवत सुटले. त्यांचा हातही मीच, माझा बेसही मीच.

संपल्यावर गायिका म्हणाली, "मामाचं नवीन वळण आहे." म्हणाली खरी, पण तिच्या चेहऱ्यावर नव्या वळणाचा आनंद काही दिसला नाही.

जाताना मामांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. या आठवड्यात तिसऱ्यांदा तरी असेल. "दार सरकवा रे कुणीतरी," भूकंप म्हणाला आणि सगळे हसले. मामाही हसले. त्यांची एक चप्पल हॉलमध्येच राहिली होती, तशीच एका पायात चप्पल घालून जिना उतरले. मला हसायला आलं नाही. ज्याच्या डोक्यावर टांगती तलवार आहे त्याला विनोद कळत नाहीत.

१७ फेब्रुवारी

ताईचं ऐकलं आणि पस्तावले.

सकाळी मामा एकटेच स्वयंपाकघरात चहा पीत होते. मी माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मामा, माझं काही चुकतंय का?"

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, पलीकडे. उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, अगदी प्रेमाने म्हणाले, "चांगलं चाललंय. छान चाललंय."

खुर्चीला म्हणाले.

मी पुन्हा म्हटलं, "मामा." ते खुर्चीकडे बघतच राहिले, कपाळाला आठी घालून, जसं काही खुर्चीनेच विषय वाढवला होता. मग त्यांनी कपाळ चोळलं, "डोकं भणभणतंय सकाळपासून," असं खुर्चीला सांगितलं आणि चहा अर्धा टाकून उठले. एका गालाची दाढी केलेली, दुसऱ्या गालावर खुंट तसेच. कलाकार माणूस, चालायचंच.

इतका अपमान? तोंडावर 'चालती हो' म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. पण खरं सांगायचं तर अपमानापेक्षा दुसरंच काहीतरी वाटलं. त्या खुर्चीकडे बघायची मला भीती वाटली. मी उठून दिवा लावला, भर सकाळी.

१८ फेब्रुवारी

मैत्रिणीला सांगितलं. ती ब्रश धूत होती. म्हणाली, "खुर्चीशी बोलले? मग तुझं काही खरं नाही बाई." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "अगं, गंमत केली." गंमत नव्हती.

आता जिन्यात त्यांची पावलं ऐकू आली की मी हातातलं सोडून दाराकडे पळते. एक पाऊल नीट पडतं, दुसरं घासत येतं. मी दाराआड थांबते आणि ते गेल्यावर बाहेर पडते. तिशीतली बाई मी, आणि लपंडाव खेळतेय.

२१ फेब्रुवारी

सोमवारी रेकॉर्डिंग. मामांची इतक्या वर्षांतली ही पहिलीच तबकडी, सगळं एका दमात वाजवायचं, काटछाट नाही.

आज कोठीतून कांदे आणायला गेले होते. गायिका आणि भूकंप बाहेर स्वयंपाकघरात बोलत होते. मी आत आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"किती दिवस झाकायचं असं?" भूकंप म्हणाला.

"सोमवार होऊ दे. एकदा रेकॉर्डिंग झालं की मी स्वतः बोलते."

"आणि सोमवारीच काही झालं तर?"

"आपण सांभाळून घेऊ. रोज घेतोच ना." मग जरा थांबून तिने विचारलं, "बेसवालीला कळलं असेल का रे?"

"कळलंच असणार. तोंड बघ तिचं, पांढरं पडलंय नुसतं. काही बोलत नाही बिचारी."

म्हणजे ठरलंच. मला नारळ द्यायचा, फक्त सोमवारनंतर. तोपर्यंत मला सांभाळून घेणार आहेत, रोज घेतातच. कांदे हातातच राहिले. ते दोघं जाईपर्यंत मी काळोखात उभी होते.

दुपारी बॅग भरली. एकच होती भरायला.

२४ फेब्रुवारी, इस्पितळात

हे मी बाकावर बसून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

स्टुडिओ लहान होता. यंत्रांवर बसलेल्या माणसाने आमची नेहमीची मांडणी बघितली आणि मान हलवली. "बेसचा आवाज पियानोच्या माइकमध्ये घुसतोय. बाई, तुम्ही पलीकडे या, त्यांच्या उजवीकडे." मी बेस उचलून पलीकडे गेले. म्हटलं, जाता जाता आणखी एक ठिकाण बदलू.

मामा आले. त्यांच्या कोपराला गायिकेचा हात. स्टुलावर बसले, झाकण उघडलं, मान वर केली आणि मी दिसले. त्यांचा चेहरा असा उजळला की मी मागे वळून बघितलं, दुसरं कोणी आलंय की काय म्हणून.

"अगं! आलीस तू?" मामा म्हणाले. "कुठे होतीस इतके दिवस? मी या दोघांना रोज विचारतो, बेसवाली दिसत नाही, सोडून गेली की काय पोरगी? हे म्हणतात आहे, आहे. मला वाटलं, माझं मन राखतायत."

आधी मला नुसता आनंद झाला. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला, डोळ्यांत पाणी आलं. मग मी गायिकेकडे बघितलं. तिने ओठ दाताखाली धरला होता. भूकंप ड्रमच्या स्क्रूंशी उगाचच चाळा करत होता. "मामा, मी रोज होते," असं मी म्हणणार होते, आणि तोंड उघडतानाच ते अर्धं ताट माझ्या डोळ्यांपुढे आलं. अर्धी दाढी. दाराची चौकट. ती खुर्ची. मी रोज होते, आणि या माणसाच्या जगात डावी बाजूच नव्हती. इतके दिवस मी स्वतःसाठी घाबरत होते. त्या क्षणी जी भीती वाटली तिच्यापुढे ती काहीच नव्हती.

लाल दिवा लागला. मामांनी सुरुवात केली.

डावा हात आलाच नाही. मांडीवर पडून होता, मग हळूच घसरला आणि स्टुलाच्या कडेला लोंबत राहिला. त्यांच्या लक्षातही आलं नाही. भूकंपाने ड्रम वाढवला. गायिकेने माझ्याकडे बघितलं, डोळ्यांनीच म्हणाली, सांभाळ. मी सांभाळलं. त्यांच्या डाव्या हाताचं सगळं मला पाठ होतं, तेरा तारखेपासून मी तेच तर करत होते. ते उजव्या हाताने वर खेळत राहिले, मी खालून धरत राहिले, आणि देवाशपथ सांगते, इतकं सुंदर आम्ही कधी वाजवलं नव्हतं. यंत्रांवरचा माणूस डोळे मिटून डोलत होता.

मग मामांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. घे, तुझी जागा.

तीन आठवडे मी या एका नजरेसाठी तडफडत होते. नुसतं वाजवायचं होतं. वाजवलं असतं तर ती तबकडी झाली असती, मामांच्या आयुष्यात पहिल्यांदा. त्यांचा तो हात स्टुलाखाली हलत होता, दोरीला टांगल्यासारखा.

मी थांबले.

या घरात कधी कोणी थांबलेलं नाही. भूकंपाच्या काठ्या दोन ठोके पुढे गेल्या आणि बंद पडल्या. "काय झालं गं?" मामांनी विचारलं. मी बेस भिंतीला टेकवला, त्यांच्या पाठीमागून पलीकडे गेले, तो लोंबता हात उचलला आणि आणून त्यांच्या उजव्या हातात दिला.

त्यांनी तो दाबून बघितला. "केवढा गार पडलाय हात तुझा," ते म्हणाले, आणि ऊब यावी म्हणून चोळायला लागले.

"मामा, हा माझा नाही. तुमचा हात आहे."

ते हसले. गायिकेकडे बघितलं, भूकंपाकडे बघितलं, या पोरीचं काय ऐकता म्हणून. त्या दोघांपैकी कोणी हसलं नाही. मग मामा त्या हाताच्या बोटांवरून एकेक करून अंगठा फिरवत राहिले, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना.

भूकंप गाडी आणायला धावला. तो एवढ्या मोठ्याने ओरडू शकतो हे मला आज कळलं.

त्याच दिवशी, नंतर

डॉक्टर म्हणाल्या, डोक्यात उजव्या बाजूला रक्त साठलंय, आठवडेच्या आठवडे थेंब थेंब गळतंय, म्हणून डावीकडचं जग त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. कधी पडले होते का? आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. जानेवारीत जिन्यावरून घसरले होते. उठून म्हणाले होते, "जिना बेसुरा आहे," आणि आम्ही पोट धरून हसलो होतो. मी आत्ता या वहीची मागची पानं चाळली. त्या दिवशी मी बेसच्या नव्या तारांबद्दल लिहिलंय.

लगेच ऑपरेशन करतायत. आणखी चार दिवस गेले असते तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी अर्धंच सांगितलं.

गायिका माझ्या शेजारी येऊन बसली. "मला दिसत होतं गं," ती म्हणाली. "वाटलं, डॉक्टरकडे नेलं तर पियानो सुटेल, आणि पियानो सुटला तर मामा राहणार नाही. एकदा रेकॉर्डिंग होऊ दे म्हटलं. रोज तो चुकायचा आणि रोज आपण त्याची चाल करायचो. सवयच ती."

मी तिला कोठीतलं सांगितलं, आणि भरलेल्या बॅगेचंही. "तुला काढणार? अगं, तुझ्या जिवावर तर सगळं चाललं होतं." मग ती रडायला लागली आणि मीही. ऑपरेशनच्या खोलीवरचा दिवा अजून लागलेलाच आहे.

२५ फेब्रुवारी

जिवंत आहेत. आज एवढंच.

१ मार्च

मामा शुद्धीवर आहेत. भाचीला ओळखतात, भूकंपाला "इस्पितळात तरी हळू चाल" म्हणतात. हात अजून हलत नाही. आणि डावी बाजू अजून परत आलेली नाही. येईल का, असं विचारलं की डॉक्टर 'बहुतेक' म्हणतात. हा शब्द मला अजिबात आवडेनासा झालाय.

सगळं घर भेटायला येतं आणि सगळे पलंगाच्या उजवीकडे गर्दी करतात, कारण तिथे उभं राहिलं की मामा हसतात, नाव घेतात. आज नर्सबाई वैतागल्या. "सगळे एकाच बाजूला कशाला? तिकडे कोणी बोलावलंच नाही तर ते मान कशाला वळवतील? एक जण पलीकडे बसा आणि बोलत राहा."

कोणी हललं नाही. पलीकडे बसायचं म्हणजे त्यांच्या लेखी नसायचं. मैत्रीण खिडकीबाहेर बघायला लागली. गायिका एक पाऊल पुढे आली आणि थांबली. मामांनी तिला शोधलं नसतं तर ते तिला सोसलं नसतं.

मी स्टूल उचललं आणि डावीकडे जाऊन बसले. मला सवय आहे तिथली.

"मामा," मी म्हटलं. काही नाही. "मामा." त्यांनी भूकंपाकडे बघितलं. मग मी तोंडाने बेस वाजवायला लागले, आमचं नेहमीचं संथ गाणं, डुम, डुम, हळू आवाजात, पलीकडच्या पेशंटला त्रास होऊ नये इतपत. दोनदा सगळं म्हणून झालं. घसा कोरडा पडला. मनात एकच, हे आता कायमचं असंच राहिलं तर?

तिसऱ्यांदा त्यांची मान हलली. नजर भूकंपावरून निघाली, पांघरुणावरून सरकत पलंगाच्या मधोमध आली आणि तिथेच अडकली. त्यापुढे रस्ता नसल्यासारखी.

"कोण आहे तिकडे?" मामांनी विचारलं.

"मी."

"मी कोण?"

"बेसवाली."

ते बराच वेळ तिथेच, पांघरुणाच्या घडीकडे बघत राहिले. कपाळावर शीर उठली होती.

"मग थांबलीस कशाला?" मामा म्हणाले. "वाजव. मी येतोय."